वाट सांगत राह्य

आमच्या दवाखान्यात सुन्न करायची सुई टोचण्याआधी पेशंटला त्याच्या घरची वाट विचारतात. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी पुस्तकं वाचलेली बाई आहे, म्हणून खात्रीनं सांगते. नवे डॉक्टर आले की पहिल्या आठवड्यात विचारतातच, "सिस्टर, जखम शिवायची आहे की पत्ता लिहून घ्यायचा आहे?" मी म्हणते, "सर, तुम्ही सुई द्या. वाट मी ऐकते."

ही पद्धत उसेंडीबाईंची. बाई वारल्या त्याला दोन उन्हाळे झाले. पण ड्रेसिंग रूममध्ये कुणी नाल्याचं, मोहाच्या झाडाचं, देवळाजवळच्या वळणाचं बोलू लागलं की मला अजून वाटतं, दाराशी बाई उभ्या आहेत आणि माझी काही चूक होते का ते बघत आहेत.

मी भद्रावतीकडची. आमच्याकडे सकाळी अंगणात धुतलेले कपडे वाळत घातले की दुपारपर्यंत त्यांच्यावर कोळशाची धूळ बसते. वडील खाणीत कंत्राटी कामगार, आई धुणीभांडी करायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सी नर्सिंग झाले तेव्हा वडिलांनी माझी मार्कशीट प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर बुद्धाच्या फोटोखाली लावली. पाहुण्याला पाणी देण्याआधी ते मार्कशीट दाखवत. हे सगळं सांगते ते अशासाठी की आलापल्लीच्या पुढच्या या उपजिल्हा रुग्णालयात मी कंत्राटावर रुजू झाले तेव्हा माझी मान किती ताठ होती ते कळावं.

उसेंडीबाई ड्रेसिंग रूमच्या इन्चार्ज होत्या. ठेंगण्या, मनगटं जाड, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण. पायात रबरी चप्पल, कारण "सँडल टकटक करते आन पेशंट घाबरते." शिक्षण म्हणाल तर दहावीनंतरचा नर्सिंगचा जुना कोर्स. इंग्रजी औषधाच्या बाटलीपुरती. मराठी, माडिया आणि सिरोंचाकडचा पेशंट आला तर कामापुरती तेलुगू. पहिल्या दिवशी मी ओळख करून दिली, "मी बीएस्सी नर्सिंग." बाईंनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"बरं झालं. नाव काय तुहं?"

मी नाव सांगितलं. पण त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बीएस्सी' झाले. "ए बीएस्सी, गॉज घे." "बीएस्सी, त्या आजीले खाली उतरव, पाय लटकून राह्यले तिचे." वॉर्डातल्या मावश्यासुद्धा मला तेच म्हणू लागल्या. मला राग यायचा. बाईंना ते ठाऊक होतं, म्हणून त्या आणखी म्हणायच्या.

त्याच आठवड्यात एका पोराच्या पायात बांबूचा काटा घुसला होता. डॉक्टरांनी सुई भरायला सांगितली. मी पोराला शिकल्याप्रमाणे समजावलं, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटेल."

बाई पलीकडून बँडेज गुंडाळत म्हणाल्या, "कोणती मुंगी वं?"

"म्हणजे?"

"लाल मुंगी चावली तं माणूस नाचते. आन हे पोट्टं लाल मुंगीची चटणी खाते घरी. त्याले मुंगीचं काय सांगतं?" मग पोराकडे वळून त्या म्हणाल्या, "हे पाह्य, सुई दुखन. औषध आत जातानी आग होईन. दहा मोजेपर्यंत. मंग नाई दुखणार. मंग फकस्त वढल्यासारखं वाटन. आलं ध्यानात?"

पोरानं मान हलवली आणि मोजायला सुरुवात केली. नवावर ते हसलं. बाईंनी पेशंटला कधी 'काही होत नाही' असं सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं असं की एकदा खोटं बोललं की पुढं त्याला खरंच काही झालं तरी तो आपल्याला सांगत नाही. आणि त्यानं सांगणं हेच तर औषध देताना आपलं निम्मं काम.

लोकल, म्हणजे तेवढीच जागा सुन्न करणारी भूल, ही साधी गोष्ट, असं मला वाटायचं. पूर्ण भूल म्हणजे मोठं काम, त्यासाठी वेगळा डॉक्टर; लोकल म्हणजे जखमेभोवती चार टोचे, टाके, पट्टी, घरी. बाईंना असं बोललेलं खपायचं नाही. "औषध लहान जागी देतो म्हणून लहान होते का? रक्तात गेलं तं कुठी जाते ते? डोक्यात जाते, काळजात जाते." त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये वजन केल्याशिवाय सुई भरायची नाही. काट्यावर उभं राहता येत नसेल त्याला नातेवाइकानं उचलून घ्यायचं, दोघांचं वजन करायचं, मग नातेवाइकाचं वजा करायचं. चिकटपट्टीच्या तुकड्यावर मार्करनं लिहायचं: वजन इतकं, औषध जास्तीत जास्त इतकं. तो तुकडा पेशंटच्या मनगटावर चिकटवायचा. एक सिरिंज संपली की फेकायची नाही, ट्रेमध्ये आडवी ठेवायची आणि दुसरी भरताना एकूण किती झालं ते मोठ्यानं बोलायचं. कुणी ऐको न ऐको.

डॉक्टरांनी सुई टोचली की बाई हळूच विचारत, "साहेब, मागं वढून पाह्यलं?" सुई रक्तवाहिनीत तर गेली नाही, हे दट्ट्या मागं ओढून बघायचं असतं. डॉक्टर रोज बघायचे, बाई रोज विचारायच्या. एकदा एक डॉक्टर वैतागून म्हणाले, "बाई, मी एमबीबीएस आहे." बाई म्हणाल्या, "हाव साहेब. म्हणून तं तुमाले विचारून राह्यली. मावशीले थोडी विचारन?"

आणि वाट. पेशंट टेबलावर झोपला की बाई त्याच्या डोक्याशी स्टूल घेऊन बसत. "घरून इथवर कसा आला? सांग. वाट सांगत राह्य, थांबू नको." माणूस सुरू करायचा. घरामागून निघालो, बांधावरून गेलो, नाला लागला. बाई मध्येच टोकायच्या. "नाल्याच्या आधी मोह हाय का नंतर?" "दोन रस्ते फुटतात तिथी कोणता धरला?" मला वाटायचं, बाईंना गप्पांची हौस. शिवाय असंही ऐकलं होतं की तालुक्यातल्या निम्म्या वाटा बाईंना अशाच पाठ झाल्यात, आणि अँब्युलन्सचा ड्रायव्हर पावसाळ्यात निघण्याआधी बाईंना विचारून जातो.

एकदा एक म्हातारी कपाळाचे टाके घालून घेत होती. वाट सांगता सांगता ती एकाच नाल्यातून दोनदा उतरली. बाईंनी डॉक्टरांचा हात धरला. "थांबा साहेब, आजी मागं गेली." म्हातारीच्या कानात घुंगरू वाजल्यासारखं होत होतं. काम थांबवलं, ऑक्सिजनची नळी लावली, नाडी बघितली, दहा मिनिटांत आजी पुन्हा नाल्याच्या पलीकडं आली. तेव्हा मला बाईंनी समजावलं. "औषध जास्त झालं ना, तं आधी ओठ झिणझिणते. जीभ जड होते. तोंडात लोखंड चाटल्यासारखं लागते. कान वाजते. मंग माणूस भलतंच बोलते. मंग झटके. मशीन ह्यातलं काईच नाई सांगत. मशीन सांगन तवा लय उशीर झाला रायते. जीभ आधी सांगते. आन आपल्या घरची वाट कोणी इसरत नाई. इसरला, अडखळला, का समजून जायचं."

मी वहीत इंग्रजीत लिहून घेतलं. पुस्तकातही तेच होतं, त्याच क्रमानं. पण पुस्तकात ते ओळीनं लिहिलेलं होतं आणि बाईंकडे ते एका म्हातारीच्या नाल्यात होतं. हे मान्य करायला मला फार दिवस लागले.

बाळंतिणीची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, नाहीतर तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी. सिझर झालेल्या बाईला कमरेतून भूल दिलेली असते, तिचे पाय तासन्‌तास सुन्न. सासूला हे कसं कळावं? ती आपली मायेनं वीट तापवते. आणि सुनेला भाजलेलं कळत नाही.

म्हणून सिझर झालं की बाई वॉर्डाच्या दारात उभ्या राहून सासूची पिशवी तपासायच्या. एके दिवशी एका सासूच्या पिशवीत खरंच वीट निघाली. सासू चिडली. "आमच्या घरी बारा बाळंतपणं झाली. तू मले शिकवतं?"

"बारा झाली, पण पाय मेलेली एक तरी होती का?" बाई म्हणाल्या. "ये इकडे." त्यांनी सासूचा हात धरून सुनेच्या पायाशी नेला. "घे चिमटा."

सासूनं चिमटा घेतला. सून छताकडे बघत होती, तिला पत्ताच नाही. सासूचा चेहरा उतरला. "बाप्पा! इचा पाय गेला का वं?"

"गेला नाई, झोपला. झोपलेल्याच्या अंगाखाली आग ठेवतं का तू? तो उठू दे. आंगठा हलला, थंड पाणी समजलं, का मले सांगजो. मीच वीट तापवून आणतो तुले."

संध्याकाळी आंगठा हलला. बाई स्वयंपाकघरातून खरंच वीट तापवून घेऊन आल्या. आधी स्वतःच्या गालाला लावली, मग सासूच्या गालाला, मग सुनेच्या पायाशी, दोन फडक्यांत गुंडाळून. रिवाज मोडायचा नाही, त्याची वेळ बदलायची, ही त्यांची रीत. मी असते तर सासूला अंधश्रद्धेवर भाषण दिलं असतं.

आता खर्ऱ्याचं. चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाला खर्रा सांगावा लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात ठेवायचा. आमचा पेशंट जखमी होऊन येतो तरी गालात खर्रा असतो. बाईंचा नियम होता: सुई भरण्याआधी तोंड उघडून दाखवायचं, खर्रा थुंकायचा, चूळ भरायची. मला वाटायचं, हा स्वच्छतेचा नियम, भिंती लाल होऊ नयेत म्हणून. बाईंनी कारण सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. मीच अर्धं ऐकलं होतं.

मोहफुलांचे दिवस होते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास दलसू नावाच्या माणसाला त्याच्या भावानं डोंग्यातून, म्हणजे लाकडी होडीतून, नदी ओलांडून आणि पुढं मोटरसायकलवर बसवून आणलं. मोह वेचायला गेला होता, अस्वलानं गाठलं. डोक्याचं कातडं उकललेलं, खांद्यापासून दंडापर्यंत नखांच्या रेघा. हाडाला लागलं नव्हतं, डोळे वाचले होते. दलसू काटकीसारखा. काट्यावर अडतीस किलो. मी मनगटावर पट्टी लावली: अडतीस किलो, दोन टक्क्याचं औषध, आठ मिलीच्या वर नाही. इथवर सगळं बरोबर केलं.

उसेंडीबाई त्या वेळी बाळंतिणीच्या वॉर्डात होत्या. नवे डॉक्टर होते, सहा महिन्यांपूर्वी आलेले, हुशार, हात हलका. माझ्याशी ते इंग्रजीत बोलायचे आणि मला ते आवडायचं. मी दलसूला तोंड उघडायला सांगितलं. गालात खर्रा होता. तो म्हणाला, "राहू दे ना बाई, तेवढाच आधार हाय." रक्त बघून भाऊ घाबरलेला, डॉक्टर हातमोजे घालून उभे. मी म्हटलं, राहू दे.

डोक्याच्या जखमेतच आठ मिली संपले. खांदा बाकी होता. डॉक्टर म्हणाले, "वन मोर." मी दुसरी सिरिंज भरली, पाच मिली. एकूण मोठ्यानं बोलायचं होतं. 'आठ झाले सर, हे तेरा होतील.' वाक्य तोंडात आलं होतं. पण त्या इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे बाईंसारखं गावठी ओरडायची मला लाज वाटली. त्यांना कळत असेल, असं म्हणून मी सिरिंज दिली.

वाट मी विचारली होती. दलसू सांगत होता, "टेकडीच्या खालून... मंग डोंगा..." थोड्या वेळानं तो म्हणाला, "बाई, ओठ झिणझिणून राह्यले."

मी म्हटलं, "खर्रा आहे ना तोंडात. त्याचंच ते."

हे माझं वाक्य आहे. मी ते कुणावर ढकलत नाही.

तो गप्प झाला. मी तेही थकवा समजले. दारातून बाईंचा आवाज आला. "हा काऊन बोलत नाई?"

मी काही सांगण्याआधी त्या टेबलाशी पोचल्या होत्या. "साहेब, सुई काढा. काढा आधी!" डॉक्टरांनी हात मागं घेतला आणि दलसूच्या तोंडाची एक बाजू उडायला लागली, मग हात, मग सगळं अंग. बाईंनी त्याची मान कुशीला वळवली, बोटात कापड गुंडाळून गालातला खर्रा बाहेर काढला. तो श्वासात गेला असता तर पुढचं काही करायला उरलंच नसतं. "बीएस्सी, ऑक्सिजन. मावशी, पाय धरू नको, फकस्त पडू नको देऊ. साहेब, झटक्याचं इंजेक्शन ट्रेच्या डाव्या हाताले भरून हाय." खरंच भरून होतं. रोज सकाळी त्या भरून, नाव लिहून ठेवायच्या आणि संध्याकाळी फेकायच्या. मी त्याला नासाडी म्हणायचे.

झटके थांबले. नाडी मंद होती, मग सावरली. ऑक्सिजनच्या मास्कमध्ये वाफ येत-जात होती आणि बाई दलसूच्या कानाशी वाकून माडियात काहीतरी विचारत होत्या. तेच, पुन्हा पुन्हा. बऱ्याच वेळानं त्याचे ओठ हलले. बाई ताठ झाल्या. "डोंग्यात बसला," त्या म्हणाल्या. "येऊन राह्यला." तो दिवसभर मॉनिटरखाली होता. खांदा दुसऱ्या दिवशी शिवला, औषध सलाईनमध्ये पातळ करून. त्यात मोठी जागा भागते, माप मोडत नाही.

त्या दुपारी डॉक्टर आणि मी टेबलाशी बसलो. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. केसपेपरवर काय लिहायचं? 'वेदनेमुळे चक्कर, झटके' असं लिहिता येत होतं. दलसूचा भाऊ तर आम्हाला हात जोडत होता, अस्वलाच्या हातून वाचवलं म्हणून. माझं कंत्राट पुढच्या महिन्यात नवं व्हायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे भिंतीवरची ती मार्कशीट आली. आमच्या घरात नोकरी असलेली मी एकटी होते.

बाई आल्या, स्टूलवर बसल्या. म्हणाल्या, "काय झालं ते मले पहिल्यापासून सांग. वाट सांगतो तसं."

मी सांगितलं. खर्रा राहू दिला. एकूण बोलले नाही. ओठांचं त्यानं सांगितलं, मी उडवून लावलं. सांगताना मी रडत होते. बाईंनी रडू दिलं, पण थांबू दिलं नाही. मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"लिही."

"बाई, माझी नोकरी जाईल."

"जाऊ शकते," त्या म्हणाल्या. इथेही खोटं बोलल्या नाहीत. "पण त्यानं तुले सांगतलं होतं, ओठ झिणझिणून राह्यले म्हणून. तू चक्कर लिहिलं तं त्याचं सांगणं बी पुसून जाईन. आन उद्या दुसरी पोरगी येईन, तिच्या पेशंटच्या गालात बी खर्रा राहीन. खर्ऱ्यानं बी ओठ झिणझिणते, औषधानं बी. तिले कसं समजन?"

मी लिहिलं. मराठीत, माझ्या हातानं, साडेचार ओळी. डॉक्टरांनी खाली लिहिलं, 'एकूण मात्रा मी विचारली नाही', आणि सही केली. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या सहीपासूनचा आहे. शेवटी बाईंनी पेन घेतलं. 'ड्रेसिंग रूमची जबाबदारी माझी. खर्ऱ्याचं कारण नवीन सिस्टरला नीट समजलं का, ते मी तपासलं नाही.' मी म्हटलं, "बाई, तुम्ही तर सांगितलं होतं." त्या म्हणाल्या, "सांगतलं. समजलं का ते पाह्यलं नाई. आपण सासूले चिमटा घ्याले लावतो, तुले नाई लावला."

चौकशी झाली. माझं कंत्राट लांबलं, तीन महिने टांगणीला लागलं, शेवटी झालं. बाईंना मेमो आला. इतक्या वर्षांच्या नोकरीतला पहिला आणि एकच. निवृत्तीच्या आदल्या वर्षी. त्यांनी तो घडी घालून कपाटात, झटक्याच्या इंजेक्शनच्या डब्याखाली ठेवला. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "माफी दलसूले माग. मले इंग्रजी वाचून दाखव." त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं की अशा वेळी शिरेतून द्यायचं, दुधासारखं पांढरं, चरबीचं औषध असतं. मी कॉलेजची पुस्तकं काढली, वाचलं, मराठीत सांगितलं. बाईंनी प्रत्येक वाक्य मला दोनदा विचारलं. मग मी अर्ज लिहिला, त्यांनी पाठपुरावा केला. तालुक्याच्या दर बैठकीत त्या एकच गोष्ट मागायच्या. लोक त्यांना येताना पाहून म्हणायचे, "आली दूधवाली बाई." निवृत्तीच्या आधी बाटली आली. वर्षानुवर्षं ती कपाटात आहे, तारीख संपली की बदलतो. अजून एकदाही फोडावी लागलेली नाही. बाईंना हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद व्हायचा.

दलसूची माफी मी मागितली, टाके काढायला आला तेव्हा. तो म्हणाला, "तू बी घाबरली होती, मी बी घाबरलो होतो. अस्वल बी घाबरलंच राहीन." आणि गालातला खर्रा न सांगता थुंकून आला.

बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. धानाची दोन एकर जमीन होती, ती करायच्या. एका कापणीच्या दिवसांत, सकाळीच, डाव्या हाताचं बोट फडक्यात गुंडाळून दारात उभ्या. विळा लागला होता. केस पांढरे झालेले, पायात तीच रबरी चप्पल. आता इन्चार्ज मी होते.

"चला बाई, टेबलावर."

"आधी काटा कुठी हाय?" त्या स्वतःच वजनकाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मी पट्टी लिहून मनगटावर लावली, हिरव्या गोंदणाच्या वर. नव्या डॉक्टरांपुढे औषधाची बाटली धरून नाव मोठ्यानं वाचलं. बोटाला रक्तवाहिन्या आकसवणारं औषध मिसळलेली बाटली वापरायची नाही, हा बाईंचाच नियम. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मी माप बोलले, ट्रे लावला. मग म्हटलं, "बाई, तोंड उघडा."

"काऊन? मी कधी खर्रा खाल्ला का वं?"

"उघडा."

त्यांनी उघडलं. गालात सुपारीचा तुकडा होता. इतक्या वर्षांत मी त्यांना सुपारी खाताना पाहिलं नव्हतं. मी हाताची ओंजळ पुढं केली. त्यांनी तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि त्यांचे डोळे हसले.

"बसस्टँडवर घेतली," त्या म्हणाल्या. "पाह्यत होती, इचारतं का माह्यी भीड ठेवतं."

डॉक्टरांनी सुई दिली. मी डोक्याशी स्टूल घेतलं. "घरून कशा आल्या, सांगा. थांबू नका."

बाई सांगू लागल्या. घरामागून, चिंचेखालून, वाळत घातलेल्या धानाच्या कडेनं. मी मध्येच विचारलं, चिंच डाव्या हाताला की उजव्या? त्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं, उत्तर दिलं. आवाज म्हातारा झाला होता, पण एक शब्द जड नव्हता. चार टाक्यांत त्या नदीपर्यंत आल्या आणि डॉक्टरांनी कात्री ठेवली.

"नदीच्या पुढचं राहिलं बाई."

"पुढचं तुले माहीतच हाय," त्या म्हणाल्या. मग उठून बसल्या. "रजिस्टरमध्ये लिहिलं का, गालात सुपारी होती म्हणून?"

"लिहिते."

"माह्यासमोर लिही."

मी लिहिलं. त्यांनी वाचलं, ओठ हलवत, पूर्ण. मग त्याच मला सांगू लागल्या की सुन्न हात खाली लोंबू द्यायचा नाही, खांद्याच्या वर धरायचा, चुलीपासून लांब, आणि चहाचा कप त्या हातात नाही. मी म्हटलं, "बाई, हे मी तुम्हाला सांगायचं असतं." "मंग सांग ना," त्या म्हणाल्या. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी एखाद्या नवख्या पेशंटसारखी प्रत्येक वाक्याला मान हलवली.

मी फाटकापर्यंत गेले. स्टँड रस्त्याच्या पलीकडं, पण एसटी निघालेली होती, वळण घेऊन मोठ्या रस्त्याला लागत होती. बाईंना घाई नव्हती, त्या पुढच्या गाडीनं जाणार होत्या. त्या आपल्या रस्त्याच्या कडेनं, पट्टी बांधलेलं पांढरं बोट खांद्याच्या वर धरून, सांगितलं होतं अगदी तसं, सावकाश चालत होत्या. ड्रायव्हरला वाटलं, म्हातारी हात दाखवते. त्यानं करकचून ब्रेक मारला. कंडक्टरनं दार उघडलं आणि ओरडला, "चढा ना आजी लवकर! अर्ध्या रस्त्यात हात दाखवता!"

बाई क्षणभर थांबल्या. मग उजव्या हातानं दांडा धरून चढल्या. गाडी हलली. खिडकीत त्यांचं डोकं दिसलं नाही, ठेंगण्या होत्या. फक्त ते पांढरं बोट काचेच्या वर दिसत होतं, सरळ उभं, सागाच्या झाडीत गाडी शिरेपर्यंत.